फूटपट्टीत मावणारं अंतर

पुण्याहून मुंबई किती लांब आहे असं विचारलं, तर ‘दीडशे किलोमीटर’ असं उत्तर सहसा कुणी देत नाही. ‘तीन तास,’ म्हणतात. मुरलेला माणूस ‘चार धरून चला’ म्हणतो आणि वर ‘घाटात कंटेनर आडवा झाला नसेल तर’ अशी पुस्ती जोडतो. कोकणात पायवाटेवर कुणाला गाव किती लांब म्हणून विचारावं, तर ‘हे काय, त्या वळणापलीकडं’ असं उत्तर मिळतं आणि तशी पाच-सहा वळणं मागं पडली तरी गाव वळणापलीकडंच असतं. आपल्याकडं अंतर एकतर वेळेत मोजायचं, नाहीतर समोरच्याला धीर देण्यासाठी सांगायचं. किलोमीटर उरले ते रस्त्याकडेच्या दगडांवर रंगवायला आणि रिक्षावाल्याशी वाद घालायला.

विमानाचा विषय निघाला की मात्र माणसाला एकदम किलोमीटर आठवतात. मुंबई ते न्यूयॉर्क हवाई अंतर किती? मोबाइलला विचारलं तर पापणी लवायच्या आत उत्तर येतं, साधारण १२,५०० किलोमीटर. खाली ‘उड्डाणाचा अंदाजे वेळ’ म्हणून चौदा तासांच्या आसपासचा आकडाही असतो. हे अंतर भागिले ताशी नऊशे किलोमीटर, असा तो सरळ हिशोब. दोन्ही आकडे गणितानं बरोबर असतात. पण पत्रिकेत जुळलेल्या गुणांचा संसाराशी जेवढा संबंध, तेवढाच त्यांचा प्रत्यक्ष प्रवासाशी.

गंमत अशी की जो जाणार असतो, तो हा प्रश्न विचारतच नाही. त्याच्यापुढं निराळे प्रश्न असतात. तेवीस किलोच्या बॅगेत पंचवीस किलो कसे बसवायचे, गोडा मसाला कस्टमवाल्यांना पावडर वाटेल का, खिडकीची जागा घ्यावी की गुडघ्यांचा विचार करून कडेची. किलोमीटर विचारतो तो मागं राहणारा. त्याला कुठं जायचं नसतं, बॅग भरायची नसते, म्हणून त्याच्याकडं अंतराचा विचार करायला भरपूर वेळ असतो. साडेबारा हजार हा आकडा खरं म्हणजे त्याच्यासाठी काढलेला आहे.

आमच्या सोसायटीत भूगोलाचे एक निवृत्त सर राहतात. त्यांची मुलगी न्यू जर्सीला गेली, त्याच आठवड्यात त्यांनी माळ्यावरचा पृथ्वीगोल खाली काढला आणि ओल्या फडक्यानं पुसला. गोल इतका जुना की त्यावर सोव्हिएत युनियन अजून अखंड आणि गुलाबी आहे, आणि अंटार्क्टिका बरीचशी स्टँडच्या स्क्रूखाली गेली आहे. मला मुद्दाम बोलावून त्यांनी प्रयोग करून दाखवला. काकूंच्या शिवणाच्या डब्यातला काळा दोरा घेतला, एक टोक मुंबईवर अंगठ्यानं दाबलं, दुसरं न्यूयॉर्कवर. मधला दोरा त्यांनी आधी अरबस्तान, इजिप्त, सहारा असा पश्चिमेला नीट मांडून ठेवला होता. मग तो ताणला. ताण बसताच दोरा गोलावरून घसरला, सरकत सरकत वर गेला आणि थेट गुलाबी रशियावर जाऊन बसला.

‘बघितलंत? दोऱ्याला भूगोल येतो,’ सर म्हणाले. ‘आमच्या वर्गात शेवटच्या बाकाला कधी आला नाही.’

मग दोरा उचलून त्यांनी फूटपट्टीवर धरला. साडेएकोणतीस सेंटिमीटर. गोलाचा व्यास तीस सेंटिमीटर, म्हणजे घेर चौऱ्याण्णव. खऱ्या पृथ्वीचा घेर चाळीस हजार किलोमीटर. वर्तमानपत्राच्या कडेला त्रैराशिक मांडलं आणि उत्तर आलं, साडेबारा हजार. मोबाइलनं सांगितलं होतं तेच. सरांच्या चेहऱ्यावर विद्यार्थी पहिला आल्याचं समाधान होतं.

काकू स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून हे सगळं बघत होत्या. म्हणाल्या, ‘म्हणजे एका फूटपट्टीएवढं. मग दिवाळीला यायला काय होतंय तिला?’

यावर भूगोलात उत्तर नाही. पण तो दोरा कुठून कुठून जातो हे मात्र सावकाश बघण्यासारखं आहे. मुंबईतून निघाला की तो खंभातच्या आखाताचं तोंड ओलांडतो, सौराष्ट्र आणि कच्छचं रण पार करतो आणि सिंधमध्ये मोहेंजोदडोच्या अगदी जवळून जातो. पुढं कंदाहारचा परिसर. मग तुर्कमेनिस्तानचं वाळवंट, कॅस्पियन समुद्राचा उत्तर काठ, व्होल्गेवरचं साराटोव शहर. मॉस्को जवळजवळ पायाखाली येतं. हेलसिंकीच्या थोडं वरून तो नॉर्वेत शिरतो, समुद्र ओलांडतो, आइसलंडच्या हिमनद्यांवरून रेक्याविककडं उतरतो, ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाला निसटता स्पर्श करतो, आणि कॅनडातलं लॅब्राडॉर, अमेरिकेतलं मेन असं करत ईशान्येकडून न्यूयॉर्कात येतो. मुंबई १९ अंश उत्तरेला, न्यूयॉर्क ४१ अंशांच्या जरा अलीकडं. पण या दोघांना जोडणारी सगळ्यात जवळची वाट मध्ये ६५ अंशांपर्यंत वर चढते. आर्क्टिक वृत्त अगदी दीड-दोन अंशांवर राहतं. दादरहून ठाण्याला जाताना कुणी असा वळसा घेतला तर त्याला घरचे वैद्याकडं नेतील.

पण वळसा आहे तो भिंतीवरच्या नकाशात. गेरार्ड मर्केटरनं १५६९ साली तो नकाशा काढला तो खलाशांसाठी. होकायंत्राचा काटा एकाच अंशावर धरून जायचं असेल तर या नकाशावर पट्टीनं सरळ रेघ मारावी आणि निघावं, अशी ती सोय. त्यासाठी त्यानं ध्रुवांकडचे प्रदेश ताणून मोठे केले. ग्रीनलंड आफ्रिकेएवढं दिसतं ते त्यामुळं. प्रत्यक्षात आफ्रिका त्याच्या चौदापट आहे. त्या नकाशावर मुंबई-न्यूयॉर्क अशी सरळ रेघ मारली आणि तिच्यावरून विमान नेलं तर अंतर भरतं साधारण १४,२०० किलोमीटर. म्हणजे जी रेघ डोळ्याला सरळ दिसते ती दीड हजार किलोमीटरहून लांब, आणि जी वाकडी दिसते ती जवळची. तिला भूगोलाच्या पुस्तकात बृहत् वृत्त म्हणतात. पृथ्वीच्या केंद्रातून जाणाऱ्या पातळीनं पृथ्वी कापली की जे वर्तुळ मिळतं, त्याचा हा तुकडा. याहून जवळची वाट हवी असेल तर बोगदा खणावा लागेल. तो १०,६०० किलोमीटरचा होईल. आपल्याकडच्या कंत्राटदारांचा वेग बघता तूर्त विमानच बरं.

त्या दोऱ्यावर माझं सगळ्यात आवडतं ठिकाण साराटोव. तिथून जवळच, एंगेल्स गावाबाहेरच्या शेतात, १२ एप्रिल १९६१ रोजी युरी गागारिन पॅराशूटनं उतरला. तो नारिंगी सूट आणि पांढरं शिरस्त्राण घालून चालत येताना पहिल्यांदा दिसला तो शेतात काम करणाऱ्या एका बाईला आणि तिच्या नातीला. दोघी घाबरून मागं सरल्या. अख्ख्या पृथ्वीला प्रदक्षिणा घालून यायला त्याला निघाल्यापासून उतरेपर्यंत १०८ मिनिटं लागली होती. आकडा एखाद्या वारकऱ्याला जपमाळेसाठी पसंत पडेल असा. आपण त्याच आकाशातून पृथ्वीच्या घेराचा जेमतेम तिसरा हिस्सा कापायला पंधरा-सोळा तास घेतो आणि मध्ये दोनदा जेवतो. अर्थात गागारिनला ट्यूबमधून चाटून खावं लागलं. वेगाची किंमत कुठंतरी मोजावी लागतेच.

आता या सुंदर रेषेची खरी अडचण सांगतो. तिच्यावरून कुणी जात नाही.

१९४४ साली शिकागोत देशोदेशींचे प्रतिनिधी जमले आणि त्यांनी ठरवलं की प्रत्येक देशाच्या जमिनीवरचं आकाशही त्या देशाच्याच मालकीचं. तेव्हापासून वरून जायचं तर परवानगी लागते आणि बहुतेक ठिकाणी पैसेही मोजावे लागतात. म्हणजे ढगांच्या वरही टोलनाके आहेत, फक्त तिथं फास्टॅगची रांग दिसत नाही. आणि जिथं टोल असतो तिथं रस्ता बंदही होऊ शकतो. आपला दोरा तर नेमका जगातल्या सगळ्या भांडणांवरून जातो. २०१९ मध्ये बालाकोटवरच्या हवाई हल्ल्यानंतर पाकिस्ताननं आकाश बंद केलं, ते जुलैच्या मध्यावर उघडलं. २०२१ च्या ऑगस्टपासून अफगाणिस्तानवरून जायला बहुतेक कंपन्या बिचकू लागल्या, कारण खाली विमानांवर नजर ठेवणारं कुणी उरलं नाही. २०२२ मध्ये युक्रेनचं युद्ध पेटलं आणि रशियाचं अवाढव्य आकाश अमेरिकी आणि युरोपीय कंपन्यांना बंद झालं. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामच्या हल्ल्यानंतर पाकिस्तानचं आकाश भारतीय विमानांना पुन्हा मिटलं. तेव्हा उत्तर भारतातून अमेरिकेला निघालेल्या काही विमानांना इंधन घेण्यासाठी व्हिएन्नाला किंवा कोपनहेगनला उतरावं लागलं.

म्हणजे दोऱ्याचं पहिलं बोट सौराष्ट्रात आणि दुसरं भांडणात. मग विमान काय करतं? अरबी समुद्रावरून पश्चिमेला सरकतं, आखात, तुर्कस्तान, युरोप असं करत अटलांटिकवर पोचतं. तेही त्या आठवड्यात आखातात शांतता असेल तर. हे ऐकून सर एकदा म्हणाले होते, ‘दोन विमानतळांतलं अंतर काढायला आता भूगोल पुरत नाही, नागरिकशास्त्र लागतं.’ शाळेत नागरिकशास्त्राला वीस गुण असायचे आणि ते कुणी मनावर घ्यायचं नाही, त्याचा हा सूड असावा.

माणसांनी वाट मोकळी ठेवली तरी वारा आहेच. आणि वारा कुणाचं ऐकत नाही. जमिनीपासून दहा-बारा किलोमीटरवर, विमानं जिथं उडतात नेमकं तिथं, पश्चिमेकडून पूर्वेकडं वाऱ्याचे प्रवाह वाहतात. ताशी शंभर-दोनशे किलोमीटर वेग नेहमीचा, हिवाळ्यात त्याहून कितीतरी जास्त. इंग्रजीतला जेट स्ट्रीम तो हाच. हा पहिल्यांदा पद्धतशीर मोजला तो वासाबुरो ओइशी या जपानी हवामानशास्त्रज्ञानं, १९२० च्या दशकात, फुगे सोडून सोडून. सगळ्या जगाला समजावं म्हणून त्यानं १९२६ साली त्याचा अहवाल एस्परांतो या विश्वभाषेत लिहिला. परिणामी तो जगात जवळजवळ कुणीच वाचला नाही. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी बॉम्बर जपानवर जाऊ लागले आणि आपली विमानं पुढं का सरकत नाहीत, म्हणून वैमानिक बुचकळ्यात पडले, तेव्हा तोच वारा अमेरिकेला नव्यानं सापडला. आपल्यासाठी छापलेलं आपण वाचत नाही ही खोड फार जुनी आहे.

त्यामुळं मुंबईहून न्यूयॉर्कला जाताना पंधरा-सोळा तास लागतात आणि येताना चौदाच्या आसपास. रस्ता तोच, घाटही नाही, तरी तास-दोन तासांचा फरक. जाताना वारा नाकावर, येताना पाठीवर. या पाठीवरच्या वाऱ्याचा कमाल नमुना फेब्रुवारी २०२० मध्ये दिसला. सियारा नावाचं वादळ अटलांटिकवर आलं होतं. त्या रात्री न्यूयॉर्कहून निघालेलं ब्रिटिश एअरवेजचं जम्बो ४ तास ५६ मिनिटांत लंडनला टेकलं. एरवी साडेसहा-सात तासांचा तो प्रवास. जमिनीवरून मोजलेला त्याचा वेग ताशी १,३०० किलोमीटरच्या वर गेला होता. ध्वनीचा वेग मात्र त्यानं ओलांडला नाही, कारण विमान हवेत आपल्या नेहमीच्याच चालीनं चाललं होतं, हवाच लंडनला निघाली होती.

आपल्या डोक्यावरही असाच एक वारा आहे, पण उलट दिशेचा. पावसाळ्यात दक्षिण भारतावर खूप उंचावर पूर्वेकडून पश्चिमेकडं वाहणारा प्रवाह तयार होतो. तो १९५० च्या दशकात पी. कोटेश्वरम या आपल्या हवामानशास्त्रज्ञानं ओळखला. आषाढात आपण छत्री उलटी झाली म्हणून खालच्या नैऋत्य वाऱ्याला शिव्या देत असतो, तेव्हा पंधरा किलोमीटरवर दुसरा वारा बरोबर विरुद्ध दिशेनं चाललेला असतो. एकाच घरात दोन मतं असावीत तसं... पण नको, गुणमेलनाचा दाखला वर देऊन झाला आहे, संसार पुन्हा मध्ये आणायला नको.

म्हणजे अंतर ठरवतात परराष्ट्र खाती, वेग ठरवतो वारा. मग तिकिटावरचा वेळ कोण ठरवतं? ते काम विमान कंपनीचं, आणि त्यात मुत्सद्देगिरी आहे. तिकिटावरचे तास हे उडण्याचे नसतातच. विमान दारापासून मागं सरकलं की मोजणी सुरू होते आणि पलीकडच्या दाराशी लागून चाकांना अडणी लागली की संपते. मधल्या वेळात ते जमिनीवर रांगेत उभं असतं तेही प्रवासातच धरतात. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, म्हणून दोन्हींवर एकाच वेळी स्वतंत्रपणे कारभार चालवता येत नाही. मध्यरात्री एकनंतर परदेशी जाणाऱ्या विमानांची जी रांग लागते, ती बघून दादरच्या फूलबाजाराची आठवण यावी. पोटात शेकडो माणसं आणि लाखभर लिटरहून जास्त इंधन घेतलेली ती धूडं एकेक पाऊल पुढं सरकत असतात. अंतर कापलं शून्य, वेळ गेला अर्धा तास, आणि आतला प्रवासी मात्र ‘बसलो’ असा निरोप घरी पाठवून मोकळा झालेला असतो.

ही सगळी अनिश्चितता झाकायला कंपन्या वेळेत थोडं पाणी घालतात. पंधरा तासांचं काम असलं तरी सोळा लिहायचे. मग विमान वेळेआधी आलं की वैमानिक खुषीत सांगतो, ‘आपण नियोजित वेळेच्या वीस मिनिटं आधी पोचलो आहोत.’ त्यानंतर दार रिकामं नाही म्हणून विमान बाहेर वीस मिनिटं उभं राहतं आणि सगळं रुळावर येतं. शिवाय या धंद्यात पंधरा मिनिटांपर्यंतचा उशीर हा उशीरच धरत नाहीत. ही उदारता आपल्या लग्नाच्या मुहूर्तांनाही परवडत नाही.

खरा गोंधळ घड्याळाचा. रात्री एकला मुंबईहून निघालेलं विमान त्याच तारखेला सकाळी साडेसातला न्यूयॉर्कात पोचतं असं तिकिटावर छापलेलं असतं. सरांच्या मुलीचं तिकीट बघून खालच्या मजल्यावरच्या वहिनी म्हणाल्याच, ‘साडेसहा तासांत? मग हे तर दुबईच्या थोडं पुढं!’ सोळा तासांतून उन्हाळ्यातले साडेनऊ वजा केलेले असतात हे समजावेपर्यंत चहा निवला. हिवाळ्यात साडेनऊचे साडेदहा होतात, कारण अमेरिकेतली माणसं वर्षातून दोनदा घड्याळं मागंपुढं करतात आणि फोन करायच्या वेळेचा बट्ट्याबोळ करून ठेवतात. येताना हिशोब उलटतो. न्यूयॉर्कहून सकाळी अकराला निघालेला माणूस चौदा तासांनी मुंबईत उतरतो तेव्हा दुसऱ्या दिवशीचे साडेदहा वाजलेले असतात. मधली रात्र कुठं गेली हे त्याला कळत नाही, पण त्याच्या पोटाला कळतं. पहाटे तीनला ते जेवण मागतं.

मुंबईकरांनी खरं तर या गोंधळाला हसू नये. १९०६ साली साऱ्या देशाला एक प्रमाणवेळ लावली, तेव्हा या शहरानं ती मनावर घेतली नाही. भारतीय वेळेच्या ३९ मिनिटं मागं असलेली आपली स्वतःची मुंबई वेळ त्यानं १९५५ सालापर्यंत चालवली. एका शहरात पन्नास वर्षं दोन वेळा नांदल्या. साहेबाची वेगळी, गिरगावातली वेगळी. तेव्हा जर कुणी विमानाची वेळ विचारली असती तर ‘कुठल्या घड्याळानं?’ हा प्रश्न आधी आला असता.

न्यूयॉर्कचा खरा लांब प्रवास केला तो कल्याणच्या आनंदीबाई जोशी यांनी. डॉक्टर व्हायचं म्हणून अठरा वर्षांची ही मुलगी ७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्त्याहून बोटीवर चढली आणि ४ जूनला न्यूयॉर्कला उतरली. जवळजवळ दोन महिने. बरोबर घरचं कुणी नाही. तिला उतरवून घ्यायला आलेल्या कार्पेंटरबाई रोझेल गावच्या, न्यू जर्सीतल्या. आज हे गाव न्यूअर्क विमानतळापासून आठ-दहा किलोमीटरवर आहे. आज मराठी आई-बाप लेकीच्या बाळंतपणाला त्याच विमानतळावर उतरतात, व्हीलचेअरवर बसून. पुण्यात रोज सकाळी पर्वती चढणारेही त्या दिवशी व्हीलचेअर घेतात, कारण ती ढकलणारा माणूस इमिग्रेशनची वाट दाखवतो. मला यात काही गैर वाटत नाही. ज्या मार्गावर राष्ट्रं चुकतात तिथं एका काकांनी वाटाड्या घेतला तर काय बिघडलं?

आनंदीबाईंच्या गोष्टीत मला दर वेळी आठवतात ते त्यांचे यजमान गोपाळराव. पोस्टातले कारकून, तेव्हा श्रीरामपूरला नोकरीला, कलकत्त्याजवळच्या. जगभरची पत्रं ज्याच्या हातून जायची त्या माणसाला घरच्या पत्रासाठी आठवडेच्या आठवडे थांबावं लागलं. त्यांनीही नकाशा काढून बोटानं अंतर मोजलं असेल का? मोजलं असेल. मागं राहिलेली माणसं तेच करतात.

पुढं अंतर तेवढंच राहिलं आणि वेळ आटत गेला. १९६० साली एअर इंडियाचं बोइंग ७०७ लंडनला थांबून न्यूयॉर्कला जाऊ लागलं. तेव्हा विमानतळावर निरोप द्यायला अख्खी चाळ यायची, हार घालायची, समूहचित्र काढायची. २००७ साली मधला थांबाही गेला आणि मुंबईत बसलेला माणूस थेट न्यूयॉर्कलाच उठू लागला. सोळा तास एका खुर्चीत. समोरच्या पडद्यावर एक छोटं विमान, खाली आकडे. बाहेरचं तापमान उणे पंचावन्न, उंची ३५ हजार फूट, उरलेला वेळ नऊ तास दहा मिनिटं. सिनेमे शंभर असले तरी अर्धं विमान हाच पडदा लावून बसलेलं असतं. मधल्या खुर्चीतल्या एक आजी मी बघितल्या आहेत. शाल गुडघ्यावर, हातात मेथीच्या दशमीचा तुकडा, आणि नजर त्या विमानावर. त्यांनी पडद्यावर बोट ठेवून ते विमान जरा पुढं सरकवून बघितलं. सरकलं नाही, नकाशाच सरकला. ‘हे काय, जमीन हलते आणि विमान जागच्या जागी,’ असं पुटपुटून त्यांनी दशमी संपवली. आर्यभटाची बाजू त्यांना कुणी न शिकवता पटली होती.

तर अंतराचं असं आहे. कुणी विचारलं तर १२,५०० किलोमीटर सांगायला काही हरकत नाही. आकडा खरा आहे आणि ऐकणाऱ्याला बरं वाटतं. पण कुणाला घ्यायला विमानतळावर जाणार असाल तर तिकिटावरच्या वेळेवर विसंबून निघू नका. त्या दिवशीचं विमान कुठं पोचलंय ते फोनवर बघा. ते टेकलं असं दिसल्यावरही पासपोर्टची रांग, सामानाचा पट्टा आणि कस्टम यांना तास-सव्वा तास धरा. आणि घरात जे कुणी गेले कित्येक महिने किलोमीटर विचारत होतं, त्यांना बरोबर न्या. येताना बॅगा असतील, म्हणून मोठी गाडी सांगा.